क्वालिस (२००३): सकाळी पांढरा धूर, चढावर काळा. इंजिन खोलावंच लागेल का?

सुदामानगर_४५२००९

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय. गाडी २००३ ची डिझेल क्वालिस, २४४६ सीसी, बिनटर्बोची. २ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. बाबांनी नवी घेतली होती, ते गेल्यापासून मीच चालवते. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. खालच्या सीटच्या गाडीत तिला बसता येत नाही, बसली तर उठता येत नाही. क्वालिसच्या मधल्या सीटला ती आधी पाठ टेकवते, मग एकेक पाय हाताने धरून आत घेते. म्हणून "विकून टाका" एवढं सोडून काहीही सांगा.

कार्तिकात तिला ओंकारेश्वरला नेलं. येताना चोरलहून सिमरोलकडे घाट चढताना एक मोटारसायकलवाला पुढे येऊन हात करून गेला. आरशात पाहिलं तर मागचा रस्ताच दिसेना, एवढा काळा धूर. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर घेतलेलं आमचं गाव, आणि त्यात मी असा धूर सोडत शिरले. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून लक्ष ठेवून आहे. सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन-तीन मिनिटं पांढरा धूर येतो, डोळे चुरचुरतात, पोर्चमध्ये कच्च्या डिझेलचा वास भरतो. इंजिन गरम झालं की पांढरा थांबतो. उभ्या गाडीत मग काही दिसत नाही. पण तीन इमलीच्या पुलावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की काळा सुरू. ॲव्हरेज साडेअकरावरून नऊवर आलं. ऑइल दोन हजार किलोमीटरला पाव लिटरही कमी होत नाही. कूलंट तेवढंच राहतं. टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही.

पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला नेली तर धुराचं रीडिंग ४.१ आलं. चालतं २.४५ पर्यंत. सर्टिफिकेट मिळालं नाही. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून काळं दाखवलं आणि म्हणाले, रिंग-पिस्टन, हेड, सगळं करावं लागेल, ८० हजार धरून चला. बॉनेट उघडलं नाही.

मला गाडी ठेवायची आहे, पण अंधारात ८० हजार घालायचे नाहीत. कुठून सुरुवात करू?

राऊ_रोडवरून

आधी एअर फिल्टर बघा ताई. आपल्याकडे सध्या जिकडेतिकडे खोदकाम चाललंय, फिल्टर दोन महिन्यांत चोंदतो. आणि नुसता फिल्टर बघून थांबू नका, फिल्टरच्या डब्यात येणारा हवेचा पाइपही मोकळा करा. माझ्या गाडीत उंदराने त्यात फडकं आणि शेंगांची टरफलं कोंबली होती. महिनाभर काळा धूर मारत होती, पाइप साफ केला आणि गेला.

लोहामंडीचा_पंपवाला

ताई, इंजिन खोलू नका. निदान आज तरी नाही.

मी ३१ वर्षं डिझेल पंप आणि नोजलचंच (सिलिंडरमध्ये डिझेल उडवणाऱ्या तोटीचं) काम केलं, आता दुकान पुतण्या बघतो. क्वालिस, सुमो, ट्रॅक्स, सगळ्यांचे पंप माझ्या टेबलावर उघडले गेलेत. तुम्ही जे लिहिलंय ते इतकं नीट लिहिलंय की अर्धं निदान त्यातच आहे.

धूर म्हटला की लोक एकच शब्द वापरतात, पण तीन निरनिराळे आजार असतात. निळा म्हणजे ऑइल जळतंय: रिंगा, नाहीतर व्हॉल्व्हची सीलं, टर्बोच्या गाडीत टर्बो. तुमच्याकडे निळा नाही आणि ऑइलही कमी होत नाही, म्हणजे तो विषय बाजूला ठेवा. पांढऱ्यात दोन जाती. गोडसर वास आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडला चीर. डोळे चुरचुरत असतील तर ते न जळलेलं डिझेल आहे, वाफ होऊन तसंच बाहेर पडतंय. तुमचा हा दुसरा. काळा म्हणजे डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही, त्याचा कोळसा झाला. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, पण सिलिंडरमध्ये ते इतकं एकजीव होत नाही. म्हणून चढावरसुद्धा अठरा-वीस किलो तरी हवा असावी लागते, त्याखाली गेलं की धूर दिसू लागतो. मग एक तर हवा कमी पडतेय, नाहीतर डिझेल जास्त जातंय, नाहीतर डिझेल चुकीच्या वेळी किंवा थेंबाथेंबाने पडतंय.

आता तुमच्या इंजिनाची तब्येत. एक प्रश्न विचारतो. गाडी चालवून आल्यावर बंद केली आणि दहा मिनिटांनी चावी फिरवली, तर कशी सुरू होते? अर्ध्या चकरीत सुरू होत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याची ताकद, शाबूत आहे. या इंजिनाचं कॉम्प्रेशन २२ ला १ च्या आसपास, रिंगा खरोखर गेलेल्या असल्या तर गरम असतानाही ते कुरकुरतं. दुसरं, इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण सोडवा आणि उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. थोडं थरथरेल, ते चालतं. उडून पडलं किंवा आतून भकाभका धूर आला तर खालून ब्लो मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला वायू रिंगांवरून खाली निसटतोय. हे दोन्ही तुम्ही स्वतः करू शकता, पैसा लागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गेल्या वर्षभरात या इंजिनाला कुणी हात लावला होता? कशासाठी? बिल असेल तर शोधा. एकाच गाडीत थंडीला पांढरा आणि जोरावर काळा, दोन्ही एकदम सुरू झाले की मी आधी हा प्रश्न विचारतो. म्हातारपणाने गाडी हळूहळू धुरकट होते. एका मोसमात अशी बिघडत नाही.

सुदामानगर_४५२००९

काका, मनापासून आभार. दोन्ही करून पाहिलं. गरम गाडी चावी लावताच सुरू होते. झाकण थरथरलं, जागेवरून सरकलं, पण पडलं नाही. धूर अगदी पुसट. राऊचे दादा, फिल्टर आणि पाइप दोन्ही पाहिले. फिल्टर दिवाळीआधीचाच आहे, उन्हात धरला तर आरपार उजेड दिसतो. पाइपात काही नाही.

बिल डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडलं. श्रावणात टायमिंग बेल्ट बदलला होता, आणि "पंप सील किट" असंही लिहिलंय. तेव्हा पंपाखाली डिझेल पाझरत होतं म्हणून पंप उतरवला होता हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. आता आठवतं, गाडी घेऊन आले तेव्हा पिकअप गेल्यासारखा वाटला. परत नेली. त्यांनी अर्ध्या तासात "सेटिंग करून" दिली आणि खरंच गाडी पळायला लागली. मी खूश झाले होते.

लोहामंडीचा_पंपवाला

ते "सेटिंग" म्हणजेच तुमचा काळा धूर आहे असं मला वाटतंय. नीट सांगतो.

क्वालिसचा पंप रोटरी. टायमिंग बेल्टच त्याला फिरवतो, आणि तो ज्या बोल्टांवर बसतो त्यांची भोकं लांबट असतात. पंप जरासा इकडे-तिकडे फिरवला की डिझेल लवकर किंवा उशिरा पडतं. पंप उतरवून परत बसवताना मागच्या टोकाचा बोल्ट काढून तिथे डायल गेज (बारीक सरक मोजणारं काट्याचं मीटर) लावायचा असतो, इंजिन टीडीसीला, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो तिथे आणायचं, आणि आतला प्लंजर (डिझेल ढकलणारा दांडा) किती सरकला ते मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवायचं. हे करताना थंडीत टायमिंग पुढे ढकलणारा लीव्हर मोकळा केलेला पाहिजे, नाहीतर आकडाच खोटा येतो. बरेच जण गेज लावत नाहीत, अंदाजाने आवळतात. पंप उशिरा बसला की सकाळी पांढरा धूर आणि पिकअप मेला. इथपर्यंत तुमची पहिली तक्रार जुळते.

मग गिऱ्हाईक परत येतं. टायमिंग बघण्याऐवजी पंपाच्या मागचा फुल-लोडचा स्क्रू आत पिळतात. डिझेल वाढतं, गाडी पळते, गिऱ्हाईक खूश. पण ते डिझेल जाळायला हवा तेवढीच आहे. तो स्क्रू पिळला की आयडलही वर चढतो, म्हणून मग आयडलचा स्क्रू मागे घेतात. चढाव येईपर्यंत कुणाला कळत नाही.

तुम्ही एवढंच करा. इंजिन थंड असताना, मोबाइलचा टॉर्च आणि हातातला छोटा आरसा घेऊन, दोन जागा बघा. एक, पंपाची फ्लँज जिथे इंजिनाच्या केसला टेकते तिथे दोन्हीवर एकेक रेघ कोरलेली असते. त्या समोरासमोर आहेत का. दोन, पंपाच्या मागच्या बाजूला, जिथून नोजलला चार पाइप निघतात त्याच्याजवळ, नटाने आवळलेला एक स्क्रू आहे. त्यावर कंपनीचं सील असतं. ते आहे की तुटलंय, आणि आट्यांवर मळ आहे की चकाकी. फोटो टाका. काहीही पिळू नका.

देवासकर

काका, विषयांतर माफ करा. माझी २०१२ ची कॉमन रेल डिझेल आहे (सगळ्या नोजलांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं ती), तीही चढावर काळं मारते. आमचे मिस्त्री म्हणतात, चालू इंजिनात नोजलचा एकेक पाइप सैल करून कुठला सिलिंडर मिस मारतोय ते बघू. करू द्यावं का?

लोहामंडीचा_पंपवाला

नाही! कॉमन रेलला चालू इंजिनात पाइपाच्या नटाला पानासुद्धा लावू द्यायचा नाही. जुन्या पंपात नोजल दीडशे बारच्या आसपास उघडतं. तुमच्या रेलमध्ये दाब हजार बारच्याही वर जातो. ती धार हातमोजा फाडून कातडीत घुसते, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत बोट कुजतं. माझ्या ओळखीच्या एका पोराचं बोट कापावं लागलंय. असं काही झालं तर दुखत नसलं तरी त्याच घडीला दवाखान्यात जायचं आणि "डिझेल आत गेलंय" असं डॉक्टरला सांगायचं.

ती तपासणी क्वालिससारख्या जुन्या इंजिनाची. तिथेसुद्धा चष्मा घालून, नटाभोवती फडकं धरून, जाणत्या माणसाने करायची. एकेक पाइप सैल केला की इंजिन अडखळलं पाहिजे. ज्याला अडखळत नाही तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. आणि ज्याला सैल करताच धूर गायब होतो त्याचं नोजल टपकतंय. तुमच्या गाडीला स्कॅनर लावा, हवेचा सेन्सर काय आकडा दाखवतो आणि ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय का ते बघा. टर्बो असेल तर त्याच्यापुढचे रबरी पाइप चिमटीत दाबून चीर शोधा. चिरेतून भरलेली हवा निसटते आणि ऑइलचा ओला डाग पडतो, त्यावरून जागा सापडते.

पीयूसी_मशीनपाशी

मी पीयूसी सेंटरवर काम करतो म्हणून थोडं लिहितो. २.४५ ही मर्यादा बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या डिझेल गाड्यांची, बीएस-४ ला १.६२. टेस्टमध्ये न्यूट्रलला एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर देतात, म्हणजे इंजिन शेवटच्या आरपीएमपर्यंत जातं, तेही अनेकदा. त्यामुळे टायमिंग बेल्ट जुना असेल तर तो बदलल्याशिवाय टेस्टला उभं राहू नका. ताईंचा नवा आहे, ते बरं.

दुसरं, इंजिन ऑइल ६० अंशांच्या वर गरम हवं. लोक घरून दोन गल्ल्या ओलांडून येतात आणि थंड इंजिनाचं रीडिंग वाईट येतं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून या, शेवटचे दोन किलोमीटर खालच्या गिअरमध्ये जरा जोरात, म्हणजे सायलेन्सरमधली साचलेली काजळी निघून जाते. पण ४.१ हे नुसत्या थंडपणामुळे आलेलं नाही, गाडीतच काहीतरी आहे. आणि ताई, कुणी पैसे घेऊन कागद देतो म्हणाला तर घेऊ नका. ज्या शाळेसमोरून ती गाडी जाते तिथली मुलं तो कागद वाचत नाहीत, धूर घेतात.

सुदामानगर_४५२००९

फोटो टाकले आहेत. रविवारी सकाळी अर्धा तास बॉनेटमध्ये डोकं घालून होते, आई खुर्ची टाकून बाजूला बसली होती आणि टॉर्च धरत होती.

रेघा समोरासमोर नाहीत. पंपावरची रेघ केसच्या रेघेपासून सरकलेली आहे, मधे माझ्या नखाची कड बसते, दोनेक मिलिमीटर. स्क्रूवर सील नाही. तारेचं एक टोक नुसतं लोंबतंय. बाकी सगळा पंप काळा, तेलकट, धुळीने माखलेला, आणि त्या एका स्क्रूचे आटे पितळी रंगात चमकताहेत. नटाच्या कोपऱ्यांवर पान्याचे ओरखडे आहेत. काका, तुम्ही पाहिल्यासारखं लिहिलं होतं.

आता काय करू? त्याच गॅरेजला परत द्यायची माझी तयारी नाही.

लोहामंडीचा_पंपवाला

फोटो पाहिले. रेघ अंदाजासाठी असते, शेवटचा शब्द डायल गेजचा. पण दोन मिलिमीटर म्हणजे कुणी गेज लावलाच नव्हता.

नुसता तो स्क्रू मागे फिरवू नका. किती मागे, हे कुणालाच माहीत नाही. पंप आणि चारही नोजल उतरवून टेस्ट बेंचवर लावायला सांगा. बेंचवर ठरावीक आरपीएमला दर स्ट्रोकला किती डिझेल पडतं ते काचेच्या नळ्यांत मोजतात, चारही नळ्या सारख्या भरल्या पाहिजेत. नोजल हातपंपावर दाबून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. चांगलं नोजल दाबल्यावर कुरकुरतं आणि धुक्यासारखं उडवतं. वाईट नोजल पिचकारी मारतं, आणि दाब थांबल्यावर टोकाला थेंब लोंबतो. तो थेंब बघा. परत बसवताना नोजलखालचे वॉशर नवे हवेत, जुने परत वापरायचे नाहीत. हीटर प्लगही (थंड इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारे) तेवढ्यात तपासून घ्या, त्यातला एखादा मेला तरी सकाळचा पांढरा वाढतो. पंप बसवताना डायल गेज लावलेला तुम्ही डोळ्यांनी बघा. उभं राहून बघायचा हक्क आहे तुम्हाला, लाजू नका.

आणि एवढं सगळं करून धूर राहिलाच, तर कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजू. इंजिन खोलायचा विषय त्यानंतर.

सुदामानगर_४५२००९

दहा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला. काम लोहामंडीतच करून घेतलं (काकांच्या पुतण्याकडे नाही, ते लग्नाला गावी गेले होते, त्यांनी शेजारच्या दुकानात सांगून ठेवलं).

बेंचवर स्क्रू जवळजवळ दीड आटा जास्त आत निघाला. तीन नोजल ठीक होती. तिसऱ्या सिलिंडरच्या नोजलला थेंब आला. मी तो पाहिला, टोकाशी आला, मोठा झाला, चमकला आणि पडला, लगेच दुसरा यायला लागला. ते टोक बदललं. एक हीटर प्लग मेलेला होता, तोही बदलला. डायल गेज लावला तेव्हा त्या मुलाने मला बोलावून काटा दाखवला आणि पंप हाताने हळूहळू फिरवून काटा आकड्यावर आणला. मग बोल्ट आवळले आणि परत एकदा काटा बघितला, कारण आवळताना पंप सरकतो म्हणे. स्क्रूवर नवी तार आणि शिशाचं सील लावून दिलं. सगळे मिळून ९,२०० रुपये झाले.

पिकअप "सेटिंग"नंतर होता त्यापेक्षा जरा कमी वाटतो. श्रावणाच्या आधी होता तसा आहे. सकाळी पांढरा धूर पाच-सात सेकंद, तेवढाच. राजेंद्रनगरकडून एक फेरी मारून, गरम करून पीयूसीला नेली. रीडिंग १.७. सर्टिफिकेट मिळालं.

काल आईला घेऊन सिमरोलचा घाट उतरून चोरलला गेले, मुद्दाम. येताना मुलाला मागच्या सीटवर उलटं तोंड करून बसवलं आणि सांगितलं, मागच्या काचेतून बघत राहा, काळं दिसलं की ओरड. दुसऱ्या गिअरच्या वळणावर एकदा "आई, थोडंसं" म्हणाला. बाकी गप्प होता.

काका, त्या वळणावरचं "थोडंसं" चालेल ना?

लोहामंडीचा_पंपवाला

चालेल. गिअर उशिरा बदलला असेल, वळणाआधीच खाली घ्या. पुढच्या पाच हजार किलोमीटरला डिझेल फिल्टर बदला, आणि त्याआधी फिल्टरच्या तळाचं पाणी एकदा काढून टाका.